खुब्याची उलांडी

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तर पुरी होऊन बाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा स्वतःच्या मांडीकडे नीट बघितलं.

हसू नका. माणूस तोंड आरशात बघतो, हात तर सदा समोरच असतात. मांडीकडे कोण बघतो? ती पंचाखाली झाकलेली. नातवंडं बसतात, मांजर बसतं, जेवताना ताटाला टेकते. तिच्यावर उभं राहून आयुष्य काढलं आणि आत काय आहे ते कधी विचारलं नाही.

यंदाची नारळी पौर्णिमाही होऊन गेली. आमच्या देवबागच्या किनाऱ्यावर समुद्राचा तांबडा गढूळपणा निवळला. माडाखाली रापणीच्या दोऱ्या उन्हात पसरल्यात. मिठाचा, जुन्या मासळीच्या तेलाचा आणि दमट जाळ्याचा तो वास वाऱ्याबरोबर थेट ओटीवर येतो. तो आला की माझा डावा खुबा जागा होतो. दुखत नाही, जागा होतो. कुत्रा मालकाची पावलं ओळखून कान टवकारतो ना, तसा.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणतात. दोन्हीकडे माणसं लागतात. प्रत्येकाच्या कमरेखाली पट्ट्यासारखी आखूड दोरी असते, तिची गाठ मोठ्या दोरीवर मारायची, मागे रेलायचं आणि समुद्राकडे तोंड ठेवून पाठमोरं चालत जायचं. बघणाऱ्याला वाटतं, हे हातांनी ओढतात. हात नुसते धरायला. ओढते ती मांडी, आणि मांडीच्या वरचं ढुंगण. वर माडापर्यंत पोचलात की गाठ सोडायची, मोकळं चालत पुन्हा पाण्याच्या कडेला यायचं आणि सर्वांच्या पुढे दोरी धरायची. असं चाक फिरत राहतं, जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत. आणि दोरीला ज्याचा हात लागला, त्याचा मासळीत वाटा.

मी चौथीत शाळा सोडली ती या दोरीसाठी. मास्तर घरी आले होते न्यायला. माझा बाप त्यांना म्हणाला, "मास्तरानू, पोराची मांडी बगा. ही बाकड्यार बसाची मांडी नाय." तेव्हापासून मी दोरीवर.

बापाच्या मांड्या मला अजून आठवतात. आतल्या बाजूने काळ्या, खरखरीत, माडावर चढून चढून सोललेल्या. लहानपणी रापण लागायची वाट बघत वाळूत आम्ही त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. एवढी कडक की कानाखाली फळी ठेवल्यासारखं वाटायचं. पण कान टेकला की आतून धक् धक् ऐकू यायचं. मला वाटायचं, तो समुद्राचा आवाज.

त्या साली वैशाखात होडी वर काढत होतो. पावसाआधी ती माडांच्या रांगेत नेऊन झाकून ठेवतात. खाली ओंडके टाकायचे, त्यांना वंगण फासायचं आणि होडी रेटत न्यायची. भिवा आमचा तांडेल. सगळी रापण त्याच्या शब्दावर चालते. माझ्यापेक्षा लहान आहे, दोरीची गाठ मारायला मीच त्याला शिकवलं. तो म्हणाला, "आबा, तू बाजूक रव." मी कशाला बाजूला राहतो? खांदा लावला. डावा पाय वंगणाच्या ओंडक्यावर पडला आणि मी वाळूत आडवा झालो. वाळू मऊ, पण खाली दुसरा ओंडका होता. मोडलं ते मला आधी ऐकू आलं, दुखलं मागाहून. माडाची वाळकी चुडत, झावळी, मोडताना होतो तसाच आवाज.

दवाखान्यात डॉक्टरने फोटो उजेडावर धरला. मांडीचं हाड वर खुब्यात शिरतं तिथे त्याला गोळा असतो, आणि गोळ्याखाली बारीक मान. माझी मान मोडली होती.

मी म्हटलं, "जोडा."

तो म्हणाला, "जोडून उपयोग नाही, आजोबा. या गोळ्याला रक्त नेणाऱ्या शिरा मानेला चिकटून खालून वर जातात. मान तुटली, शिरा तुटल्या. रक्त मिळालं नाही की गोळा आतल्या आत मरतो. नवीन धातूचा बसवावा लागेल."

सुशीला, माझी बायको, पदर तोंडाला लावून उभी होती. तिला काही कळलं नाही. मला लख्ख कळलं. आमचं देवबाग तसंच आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावरून एकच रस्ता. समुद्राने ती पट्टी मधेच तोडली तर टोकावरची घरं उभी असतील, माड उभे असतील, पण गाडी येणार नाही, नळाला पाणी येणार नाही, दिवा लागणार नाही. माझ्या खुब्यातलं देवबाग तुटलं होतं.

"घाला धातूचो," मी म्हटलं. "पण दोरी ओढूक येवची."

डॉक्टर हसला. म्हणाला, आधी उभे तर राहा.

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा त्याने पहिल्यांदा पायाचा अंगठा हलवायला सांगितला. हलला. त्याचं तोंड सैल पडलेलं मी बघितलं. आपण ज्यावर बसतो त्या ढुंगणाच्या जाड मांसाखालून एक नस जाते, अंगठ्याएवढी जाड. अंगात तेवढी जाड नस दुसरी नाही. ती मांडीच्या मागून उतरते, मागच्या स्नायूंना हुकूम देत देत गुडघ्याच्या वर दोन वाटांनी फुटते आणि पार तळव्यापर्यंत जाते. त्याने मागून चीर देऊन, ती नस सांभाळून काम केलं होतं. मी अंगठा पुन्हा पुन्हा हलवून बघितला. एवढ्या खोलात एवढी मोठी दोरी आहे आणि मी तिच्यावर रोज बसत होतो.

घरी आलो तर नियमांची रांग. उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, पाट बंद, मांडी घालणं बंद. जेवायला टेबल आणलं. संडासावर खुर्ची बसवली. गावातला माणूस विचारपूस करायला आला की आधी ती खुर्ची बघून जायचा. सुशीला म्हणाली, "तीर्थाक आल्यासारखे येतत मेले."

पण माझं पाणी केलं ते भिवाने. आषाढात आला, ओटीवर बसला, चहा घेतला, आणि बशी खाली ठेवताना म्हणाला, "आबा, तू आता दोरयेर येव नको. तुजो वाटो घराक येतलो. पयल्या मानाचो."

तो चांगल्या मनाने बोलला, ते मला कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. आमच्यात म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, विधवांना वाटा पोचवायची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. मी स्वतः कितीतरी घरी असे वाटे नेलेत. पाटी दारात ठेवली की आतला म्हातारा आधी माशांकडे बघायचा नाही. माझ्या ओल्या पायांकडे बघायचा, पायाला चिकटलेल्या वाळूकडे. मग म्हणायचा, "ठेव थंय." ते "ठेव थंय" मी किती घरांत ऐकलंय. माझ्या तोंडून ते निघणार नव्हतं.

"भिवा," मी म्हटलं, "घराक मासे धाडलंस तर मांजराक घालीन."

"मांजर तरी आशीर्वाद देयत," तो म्हणाला आणि छत्री उघडून चालता झाला.

सुशीला आतून म्हणाली, "धातूचो गोळो घातलो खुब्यात, पण माज काय उतराक नाय."

म्हणजे त्या पावसाळ्यात मला काय मिळवायचं होतं ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. पाय नको होता. पाय तर डॉक्टरने दिलाच. मला दोरीवरची जागा हवी होती, आणि नारळी पौर्णिमेला समुद्र मासेमारीला उघडायच्या आत हवी होती.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, मृणाल. जामसंड्याची. इथे मालवणात काम करते. रेनकोट घालून स्कूटरवरून यायची, ओटीवर पाणी निथळत उभी राहायची. बोलायची शहरी, "आजोबा, पाय सरळ ठेवा, श्वास रोखू नका." पण चिडली की जामसंडं बाहेर यायचं.

मांडीतल्या माणसांची तिने मला ओळख करून दिली. माणसंच म्हणतो मी त्यांना. पुढे चौघे, खाली जाऊन गुडघ्याच्या वाटीवर एकत्र येणारे, गुडघा ताठ करणारे. मागे तिघे, गुडघा दुमडणारे आणि मांडी मागे खेचणारे. आतल्या बाजूचे, मांड्या आवळणारे. माझ्या बापाला माडावर धरून ठेवणारे ते हेच. मागे ढुंगणाचा मोठा, सर्वांत जाड, चढणीला आणि ओढायला लागणारा. आणि एक लांबलचक पट्टी, कमरेच्या हाडापासून तिरपी उतरत गुडघ्याच्या आत जाणारी. तिला इंग्रजीत शिंप्याचा स्नायू म्हणतात, ती म्हणाली, कारण शिंपी पूर्वी मांडी घालून शिवत बसायचे आणि तशी मांडी घालायला तो लागतो. मी म्हटलं, म्हणजे तो माझा रिकामा बसणार आता. "रिकामा कशाला? चालताना पाय उचलायलाही तो आहे," ती म्हणाली. बरं वाटलं. कुणी घरात बसून खाणारा नको.

एकदा तिने माझीच बोटं जांघेत मधोमध दाबून धरली. "लागतंय काही?"

धक्. धक्.

मी बोटं तिथेच धरून ठेवली. ती म्हणाली, ही मांडीला रक्त देणारी मोठी शीर. बाहेरच्या बाजूला तिच्या शेजारी नस, पुढच्या चौघांना हुकूम देणारी. आतल्या बाजूला रक्त परत नेणारी शीर. तिघी शेजारी शेजारी मांडीत उतरतात. मोठीला थोडं खाली एक फांदी फुटते ती खोल जाते आणि सगळ्या मांडीला पोसते. त्याच फांदीचे फाटे मानेला वेढा घालून तुमच्या जुन्या गोळ्याला रक्त नेत होते.

बाहेर पाऊस कोसळत होता, खाडी भरून आली होती, पाणी माडांच्या मुळांशी आपटत होतं, आणि माझ्या बोटांखाली ती शीर उसळत होती. बापाच्या मांडीला कान लावून ऐकला तो समुद्र नव्हता तर. समुद्र समजून मी बापाचं रक्त ऐकलं होतं. हे समजायला बाहत्तरावं लागलं. लागू दे. कळल्याशिवाय गेलो नाही.

आता माझी चूक सांगतो. रापणकऱ्याचीच चूक, दुसऱ्या कुणाला सुचायची नाही. ओढताना गुडघा ताठ लागतो हे मला ठाऊक, म्हणून मी पुढच्या चौघांच्याच मागे लागलो. मृणाल गेली की खुर्चीवर बसून पायाला जाळ्याची शिशाची वजनं बांधायचो आणि गुडघा सरळ करत राहायचो. सुशीला भाजी चिरता चिरता बघायची. मांडीचा पुढचा भाग दगड झाला. श्रावण लागला तेव्हा काठी कोपऱ्यात गेली आणि मी ओटीवर पाठमोरा चालून दाखवलं, जशी दोरी ओढतात तसा, ताठ.

"बग," मी मृणालला म्हटलं. "झालंय तयार."

तिने मान हलवली. "छान. आता पुढे चालत या."

मी आलो.

"आरशात बघा," ती म्हणाली. सुशीलेचा आरसा तिने कपाटाला टेकवून ठेवला होता. मी चालत गेलो आणि मला दिसलं. डाव्या पायावर भार आला की कमर उजवीकडे खाली जात होती, आणि ती सावरायला सगळं अंग डावीकडे झुकत होतं. दर पावलाला. भरलेली पाटी एकाच हातात असल्यासारखा मी हेलकावत होतो.

ओढताना कुणाला काही दिसणार नाही, दोरीचा आधार असतो. पण वर पोचून गाठ सोडल्यावर काय? रिकाम्या हातांनी पाण्यापर्यंत चालत जायचं, उतरत्या वाळूवरून, दोन्ही दोऱ्यांवरच्या सगळ्या माणसांची तोंडं माझ्याकडे. ती चाल बघून भिवाने एक शब्द बोलायची गरज नव्हती. वाटा घरी आलाच असता.

मी म्हटलं, "अजून वजन वाढवतंय."

मग ती चिडली. "आजोबा, तुमी माका शिकवू नकात. फुडच्या चौघांका खावक घाल घाल घातलात, आणि बाजूचो उपाशी मारलात." तिने माझा हात धरून खुब्याच्या बाजूला, पंचाच्या गाठीखाली ठेवला, चांगल्या बाजूला. "आता डावा पाय उचला. एका पायावर उभे राहा. काय लागतं हाताला?"

उजव्या खुब्याच्या बाजूला कमरेच्या हाडाखाली काहीतरी घट्ट आवळलं. मग डाव्या पायावर उभा राहून डावा खुबा चाचपला, तर तिथे पिळून टाकलेलं फडकं.

"दोन पायांवर सगळेच उभे राहतात," ती म्हणाली. "चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. तेव्हा कमर कलंडू नये म्हणून हा बाजूने धरून ठेवतो. याची नस वेगळी, मागून वरच्या बाजूने येते. तुमची नस शाबूत आहे. याला काम नाही दिलंत एवढंच."

"उलांडी," मी म्हटलं.

उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांना बांधलेलं लांब लाकूड. ते पाण्यावर टेकलेलं असतं म्हणून अरुंद होडी लाटेत कलंडत नाही. वल्हं कितीही जोरात मारा, उलांडी निसटली तर होडी उलटीच.

"हां," मृणाल हसून म्हणाली. "उलांडीच. आणि तुम्ही नुसतं वल्हं मारत बसलायत."

मग मी शिशाची वजनं सोडली. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा, हळू खाली आणायचा, खिडकीचे गज धरून एका पायावर उभं राहायचं आणि आरशात कमर सरळ राहते का बघायचं. शिशं उचलण्यात मर्दपणा वाटत होता, यात काहीच वाटत नव्हतं. पाय उचलून निजलेला म्हातारा कसा दिसतो ते सुशीलेने शेजारच्या बायकांना करूनही दाखवलं. हसा म्हटलं. खुब्याच्या बाजूला आग व्हायची, मांडी थरथरायची, घाम उशीत जिरायचा. पण मला आता आग कुठली ते कळत होतं. अमक्याची आग आहे, तमका शांत आहे. आपल्या घरात कोण जागं आणि कोण झोपलंय हे कळावं तसं. आयुष्यभर मी या सगळ्यांना "पाय" एवढ्या एका नावाने हाक मारली होती.

नारळ समुद्रात पडला. पाऊस ओसरला. डॉक्टरने पुन्हा फोटो काढला, म्हणाला चाला, काम करा, फक्त उकिडवे बसू नका आणि मांडी घालू नका. मृणालने आरसा लावून मला पुढे चालवलं, मागे चालवलं, एका पायावर उभं केलं. मग म्हणाली, "दोरीवर जावा. पण मी बघायला येणार."

पहिली रापण लागली त्या दिवशी ऊन चांगलं तापलेलं. मी पंचा वर खोचला आणि वाळूत उतरलो. दोरीवरची माणसं बघू लागली. कुणीतरी खुर्ची मागवली, "आबाक खुर्ची हाडा रे."

"तुज्या सासऱ्याक हाड," मी म्हटलं आणि गाठ मारली.

भिवा पाण्यात उभा होता, जाळ्याची दिशा बघत. त्याने मला बघितलं. हाकलायचं तर आता कसं, गाठ बसलेली. दोरी ताणली गेली. मी रेललो.

ते कसं सांगू? तेवढे महिने खाटेवर मी प्रत्येकाशी वेगळा बोललो होतो. आता सगळे एकदम उठले. पुढच्या चौघांनी गुडघा धरला. ढुंगणाच्या मोठ्याने मागे रेटलं. मागचे तिघे दोरीसारखे ताठ झाले, आतल्यांनी वाळू सरकू दिली नाही. धातूचा गोळा खुब्याच्या वाटीत मुकाट फिरत होता, पाहुण्यासारखा, पण कामाला लागलेला पाहुणा. पाऊल मागे. पुन्हा पाऊल मागे. दोरीतून पाणी गळत होतं, समोर समुद्र चकाकत होता, आणि जाळ्याचं ते वजन, आतल्या जिवंत मासळीचं वजन, माझ्या खुब्यावर आलं. नव्या खुब्यावर. मी ओरडलो असेन बहुतेक, सगळेच ओरडतात.

माडाशी पोचलो. गाठ सोडली. आता ते चालणं.

मृणाल माडाला टेकून उभी होती. माझ्या तोंडाकडे तिचं लक्षच नव्हतं, नजर कमरेवर. खाली पाण्यापर्यंत वाळू उतरत गेलेली, आणि दोन्ही दोऱ्यांवरची माणसं समुद्राकडे तोंड करून. म्हणजे मी पुढे गेलो की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी चालायला लागलो. घाई केली नाही. डावा पाय टेकला, आणि खुब्याच्या बाजूला ते आवळलं. धरलं. कमर जागची हलली नाही. उजवा पुढे. पुन्हा डावा. पुन्हा धरलं. ओढणारी माणसं जागीच थांबून माझ्याकडे बघत होती. पंचाची किनार मी खाली मान घालून बघितली नाही, पण ती सरळ होती हे मला खुब्यातून कळत होतं. पाण्यात पाय पडले. लाटेने टाचेखालची वाळू काढून नेली, सगळ्यांत वाईट जागा ती, तिथेही उभा राहिलो.

भिवा कंबरभर पाण्यातून वळला. माझ्याकडे बघितलं, दोरीवरच्यांकडे बघितलं.

"काय बगतास?" तो त्यांच्यावर ओरडला. "माणूस चलताना बगूक नाय कदी? ओढा." मग मला, खालच्या आवाजात, "आबा, फुडे धर."

तेवढंच. मला तेवढंच हवं होतं.

जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा तारली उसळत होती, चांदीचा ढीग हलावा तशी. वाटे घातले. भिवाने बोटाने दाखवला तो माझा वाटा, दोरीवरच्यांच्या रांगेत, ना मोठा ना मानाचा, इतरांएवढाच. पाटी मी स्वतः उचलून घरी आणली. सुशीला दारातच उभी होती. तिने माझ्या पायांवरची ओली वाळू बघितली, माशांकडे नंतर बघितलं. "पाय धुवान येवा," ती म्हणाली, आणि पाटी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ढुंगणाचा मोठा, मागचे तिघे आणि आतले, सगळे ठणकत होते. खाटेच्या कडेला बसून मी एकेकावर हात ठेवला, प्रत्येकाला नावाने उठवलं, बाजूच्याला सगळ्यांत शेवटी, कारण तो आधीच उठलेला होता. मग चहासुद्धा न घेता किनाऱ्यावर गेलो, आणि भिवा यायच्या आत दोरी उलगडून पाण्यापर्यंत नेली.